नारूची मोजणी

मुलींच्या शाळेत नोकरी लागली म्हणून मी इंदापुरात आले, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. बारामतीला कालव्याच्या पाण्यावर आमचा भाजीचा मळा होता. वडिलांनी भाऊबंदांची बोलणी खाऊन मला सातवीपर्यंत शिकवलं होतं, आणि इंदापुरात माझी आत्या एकटीच राहत होती, म्हणून तर त्यांनी मला तिथं पाठवायची हिंमत केली. दिवाळीनंतर मी मोटारीतून उतरले, एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात वडिलांनी दिलेली वांग्यांची पाटी. नव्या गावात सगळंच मला फार भारी वाटत होतं. बाजारामागची आमची गल्ली, कचेरीकडं जाणारी माणसं, सोलापूरच्या रस्त्यावरून धुरळा उडवत जाणाऱ्या मोटारी, आणि मला 'बाई' म्हणणाऱ्या पंचवीस-तीस मुली.

चैत्र लागला आणि माझा वर्ग ओस पडायला लागला. आज चार मुली नाहीत, उद्या सहा. मला वाटलं, माझं शिकवणं आवडत नसावं. शाळा सुटल्यावर एकेका घरी जाऊन विचारायचं ठरवलं. पहिल्याच घरात मुलगी चुलीपुढं भाकरी थापत होती आणि तिची आई भिंतीला टेकून, पाय उशीवर घेऊन बसली होती. घोट्याजवळ सूज आणि त्यावर ओली चिंधी. पुढच्या घरात बाप आणि काका दोघं आडवे. तिसऱ्या घरात म्हातारी ओरडत होती. आमच्याच घरी आले तर आत्या पायरीवर बसून पावलावरचा फोड न्याहाळत होती.

"नारू हाय," ती म्हणाली. "उन्हाळा लागला की येतोच. तू काय एवढी घाबरती?"

बारामतीला मी नारूचं नाव ऐकलं होतं, पण आमच्याकडं एखाद्यालाच व्हायचा. इथं दर घरात एक तरी पाय बांधलेला. फोड फुटला की त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. लोक तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचे. महिना-महिना हे चालायचं. तोवर माणूस लंगडा, आणि नेमके पेरणीच्या तयारीचे दिवस. आत्यानं घाईनं ओढला आणि तिचा दोरा मध्येच तुटला. दुसऱ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत टरारून फुगला. मी बैलगाडी करून तिला सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथले डॉक्टर तरुण होते, पुण्याकडून आलेले. त्यांनी जखम उघडली, धुतली, बांधली आणि हात पुसता पुसता मला विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"गल्लीच्या विहिरीचं."

"पायऱ्यांची?"

"हो. खाली उतरून घागर बुडवतो."

"आणि ज्यांच्या पायाला नारू आहे, तेही उतरतात."

मी मान हलवली. त्यांनी स्टूल ओढलं आणि मला सगळं समजावून सांगितलं. नारूच्या फोडाला पाणी लागलं की त्यातून हजारो बारीक पिलं पाण्यात पडतात. पाण्यातले टिपक्याएवढे किडे त्या पिलांना गिळतात. ते किडे माणूस पाण्याबरोबर पितो. मग वर्षभर नारू अंगात वाढतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पायातून बाहेर येतो. "पुस्तकात हे कधीच लिहून झालंय," ते म्हणाले. "पण पुस्तक दाखवून कोणी पायऱ्या बुजवू देत नाही. मला याच गल्लीची माणसं मोजून हवी आहेत. बायका मला पाय दाखवत नाहीत. तुम्हाला दाखवतील."

त्यांनी मला रेघा मारलेली एक जाड वही दिली. घर कोणाचं, माणसं किती, गल्लीत कधी आले, पाणी कुठलं, नारू कोणाला, आधी किती वेळा. मी ती वही पदराखाली धरून घरी आले. मुलींना पाढे शिकवणं ठीक होतं, पण हे काहीतरी वेगळंच होतं. कोणाला माहीत नसलेलं मी शोधून काढणार होते.

त्या दिवसापासून रोज शाळा सुटली की मी निघायची. बायकांना आधी संशय यायचा. "कशाला लिवती, बाई? कर बसवायचा हाय का?" पण आत्याचा बांधलेला पाय सगळ्यांना माहीत होता आणि तिची भाची म्हणून मला घरात घ्यायचे. एकदा का पायाचा विषय निघाला की मग थांबायच्या नाहीत. कोणाला किती वेळा झाला, कोणाचा गुडघा कायमचा आखडला, कोण बाळंतपणात नारूनं पडली होती. लिहिताना मला आणखी एक गोष्ट दिसायला लागली. गल्लीच्या टोकाची अर्धी घरं अलीकडची होती. पाऊस दगा देऊ लागला तशी मेंढरं विकून, रान सोडून माणसं इंदापुरात हमालीला आली होती आणि मिळेल तिथं झोपडी घातली होती. माणसं वाढत होती, विहीर तीच एक होती.

वही भरत आली तेव्हा माझ्या मनात आलं, ओढ्यापलीकडच्या वस्तीचं काय? त्या लोकांना आमच्या विहिरीवर पाऊल ठेवायची बंदी होती. गल्लीतलं कोणी तिकडं जात नसे. मीही कधी गेले नव्हते. आत्याला न सांगता एका दुपारी ओढा ओलांडला.

झाडाखाली एक बाई अंबाडीचा दोर वळत बसली होती. मला बघून ती उठून उभी राहिली आणि लांब सरकली. मी म्हटलं, "बसा. मी शाळेतली बाई. नारू कोणाकोणाला झालाय ते विचारायला आले."

"आमच्यात न्हाय नारू," ती म्हणाली.

"कोणालाच नाही?"

"दोघास्नी हाय. बाकी न्हाय कुणाला."

मला खरं वाटेना. मी झोपडी न् झोपडी हिंडले. पोटं पुढं आलेली मुलं दिसली, डोळे आलेले दिसले, खोकणारी माणसं दिसली, अंगावर धड कपडा नसलेल्या बायका दिसल्या. पण बांधलेले पाय दिसले ते दोनच. एक माणूस बाजारात झाडायला जायचा आणि एक बाई आमच्या गल्लीतल्या घरांचं शेण काढायला यायची. दोघांनाही तहान लागली की गल्लीतलं कोणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतायचं. आमच्या विहिरीचं. वस्तीतली बाकीची सगळी माणसं ओढ्याच्या वाळूत खड्डा करून, झिरपेल ते पाणी वाटीनं भरून प्यायची.

मी परत त्या दोर वळणारीपाशी आले. "तुमच्यात नारू का नाही, कळलं मला. तुम्ही आमच्या विहिरीचं पाणी पीत नाही म्हणून."

ती म्हणाली, "म्हंजी तुमी आमाला हिरीवर येऊ दिलं न्हाय, म्हणून आमी धड चालतोय व्हय?"

मी हो म्हटलं आणि निघाले, आणि ओढा ओलांडल्यावर चक्क पळत दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी गल्लीची आणि वस्तीची पानं शेजारी शेजारी धरून पाहिली. त्यांनी कंपाउंडरला हाक मारून पानं दाखवली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, ही दोन माणसं लाख मोलाची आहेत."

आता गल्लीला पटवायचं होतं, आणि गल्ली म्हणजे आबा. विहीर त्यांच्या पणज्यानं बांधली होती. सत्तरीच्या पुढचे, शब्दाला मान असलेले. त्यांनाही नारू झाला होता. पायाची आग व्हायची म्हणून ते रोज सकाळी काठी टेकत विहिरीत उतरायचे आणि शेवटच्या पायरीवर बसून पाय गार पाण्यात सोडायचे. डॉक्टर आणि मी त्यांच्या ओसरीवर गेलो. मी वही उघडून वाचून दाखवली.

"नारू उष्णतेनं होतो, पोरी," ते म्हणाले. "पाण्याला नावं ठेवू नगा. ते पाणी पिऊन चार पिढ्या जगल्या."

डॉक्टर वाद घालायला बसले नाहीत. त्यांनी एका काचेच्या भांड्यात गार पाणी मागितलं आणि म्हणाले, "आबा, आग होतीये ना? पाय जरा यात सोडा."

आबांनी चिंधी सोडून पाय पाण्यात ठेवला. क्षणभर काही झालं नाही. मग फोडाच्या तोंडातून दुधासारखी एक पांढरी रेघ निघाली आणि पाण्यात पसरायला लागली. आम्ही सगळे वाकलो. रेघ थांबली, पुन्हा आली. भांड्यातलं पाणी थोडंसं गढूळ झालं. डॉक्टरांनी खिशातून भिंग काढून त्यांच्या हातात दिलं. आबांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं.

"हे जित्तं हाय?" त्यांनी विचारलं.

"जिवंत आहे. नारूचीच पिलं."

"आन् म्या हे रोज हिरीत सोडत व्हतो?"

आबांनी पाय बाहेर काढला, स्वतःच पुसला, चिंधी बांधली. घरातून त्यांची सून चहा घेऊन आली, तो तसाच निवला. शेवटी ते म्हणाले, "गवंडी बोलवा. पायऱ्या माज्या हाईत, म्याच बंद करणार."

ते आठ दिवस मला आजही डोळ्यांपुढं दिसतात. शाळेत मन लागत नव्हतं. मधल्या सुट्टीत मी विहिरीवर जाऊन बघून यायची. दगड येत होते, चुना मळला जात होता, पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत वर चढत होती. आबा खुर्ची टाकून उन्हात बसलेले. भिंत झाली, कठडा झाला, वर दोन रहाट बसले. त्यावरचे दोर त्या ओढ्यापलीकडच्या बाईनं वळलेले होते. पहिला पोहरा आत्यानं ओढला. पाऊस अजून आला नव्हता, आणि सगळी गल्ली कठड्याभोवती गर्दी करून उभी होती.

डॉक्टरांनी मला त्याच दिवशी बाजूला घेतलं. "एक सांगून ठेवतो. पुढच्या उन्हाळ्यात नारू येणारच. या उन्हाळ्यात जे पाणी प्यायले, त्यांच्या अंगात तो शिरलाय. लोक चिडतील. तेव्हा डगमगू नका."

मी त्यांचं बोलणं ऐकलं, पण खरं सांगायचं तर मनावर घेतलं नाही.

पुढचा चैत्र आला आणि पाय बांधले जायला लागले. पहिल्या वर्षीसारखेच. गल्लीत कुरबूर सुरू झाली. बायकांचे दंड रहाट ओढून भरून यायचे, सकाळी रांग लागायची, आणि एवढं करून नारू होताच. "पायऱ्या व्हत्या तवा सोय तरी व्हती," एक बाई मला तोंडावर म्हणाली. तरण्या पोरांनी भिंत फोडायची भाषा केली. आबांना लोक टोमणे मारू लागले. मी डॉक्टरांचं बोलणं सगळ्यांना सांगत फिरले, पण ते ऐकणाऱ्याला सबबीसारखंच वाटत होतं.

त्यात माझ्या डाव्या घोट्याला खाज सुटली. तीन दिवसांनी फोड आला आणि निखारा ठेवल्यासारखी आग व्हायला लागली. फोड फुटला, त्यातून पांढरा दोरा दिसला. आत्या रडायला लागली. मला मात्र, वेडेपणा वाटेल, पण आनंद झाला. गेल्या चैत्रात मी या विहिरीचं पाणी प्याले होते. वर्ष झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं तसंच, अगदी तसंच घडत होतं, आणि तेही माझ्या स्वतःच्या पायात. मी वहीत माझं नाव लिहिलं.

काडीला नारू गुंडाळलेला पाय घेऊन मी मोजणीला निघाले. लंगडत जायला वेळ लागायचा. गल्लीच्या टोकाला गेल्या श्रावणात आलेली काही घरं होती. मेंढरं गेलेली, पावसात भिजत आलेली माणसं. त्यांतल्या पहिल्या झोपडीत मी विचारलं, तर बाई म्हणाली, "न्हाय बा. आमच्यात कुणालाबी न्हाय." दुसरीत नाही. तिसरीत नाही. सहाच्या सहा झोपड्यांत एकालाही नाही. मी तिथंच दारात बसले. ही माणसं आमच्याच विहिरीचं पाणी पीत होती, आमच्याहून हलाखीत राहत होती, पण ती भिंतीनंतर आली होती.

त्या बाईनं घाबरून विचारलं, "काय झालं, बाई? पाय दुकतोय का?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही माझ्याबरोबर चला. आत्ता."

मी तिला आणि तिच्या शेजारणीला घेऊन रहाटावर गेले. संध्याकाळची रांग लागली होती. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि मोठ्यानं विचारलं, "भिंत व्हायच्या आधीपासून इथं राहतंय कोण?" जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले. "त्यातल्या किती घरांत नारू आहे?" पुष्कळ हात तसेच राहिले. मग मी त्या दोघींना पुढं केलं. "तुम्ही सांगा." त्या लाजल्या, पण त्यांनी सांगितलं. रांगेतल्या बायकांनी त्यांचे पाय बघितले. एकीनं तर खाली वाकून लुगड्याचा काठ वर करून बघितला. आबा विहिरीसमोरच्या आपल्या ओसरीवरून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "येक उन्हाळा थांबा. मग भिंत फोडायची तर म्या पहिला घाव घालतो."

त्यानंतर भिंतीची भाषा बंद झाली. पावसाळ्यात डॉक्टरांची बदली बारामतीला झाली. जाताना त्यांनी मला आणखी एक वही दिली.

तिसऱ्या चैत्रात मी रोज सकाळी उठले की आधी आत्याचे पाय बघायची. मग माझे. मग वर्गात मुली मोजायची. चैत्र गेला, वैशाख अर्धा झाला. वर्ग भरलेला. मी वही घेऊन निघाले, घर न् घर. नाही, नाही, नाही. बायका आता दारातूनच हात हलवून सांगायच्या. दोघांना होता. एक मोटारीवरचा ड्रायव्हर, तो वाटेतल्या गावांचं पाणी प्यायचा. दुसरी त्याच सालात लग्न होऊन आलेली सून, तिच्या माहेरी पायऱ्यांची विहीर होती.

त्याच उन्हाळ्यात ओढ्याची वाळू कोरडी पडली. दोर वळणारी बाई आणखी चौघींना घेऊन कठड्यापासून लांब उभी राहिली. मी शाळेत निघाले होते. ती मला म्हणाली, "बाई, आता पायऱ्या न्हाईत. कुणी पाण्याला शिवत न्हाय. मग आमाला पोहरा टाकू द्या की. दोर माजाच हाय त्यो. दोर चालतो, हात न्हाय चालत?"

मी आबांकडं गेले. ज्या माणसानं आपल्या पणज्याच्या पायऱ्या बुजवल्या, तो हेही करील असं मला वाटलं होतं. त्यांनी मान खाली घातली. "ते माज्या एकट्याच्या हातात न्हाय, पोरी," एवढंच म्हणाले. मग मी आणि आत्यानं ओढून त्यांच्या घागरी भरून दिल्या. तो सगळा उन्हाळा शाळेआधी आम्ही दोघी हेच करत होतो. गल्ली आमच्याशी वाकडी वागली, पण कोणी अडवलं नाही. त्या बाईनं दर वेळी घागर उचलली, पण माझ्याशी पुन्हा ती फारसं बोलली नाही. तिच्या वस्तीचं पान मी वहीत भरलं होतं आणि त्याचा उपयोग आमच्या गल्लीला झाला होता, हे मला तेव्हा कळलं.

मोजणी पुरी झाली त्या रविवारी मला धीर धरवेना. पहिल्या मोटारीनं बारामती गाठली. घरीसुद्धा न जाता दवाखान्यात गेले. ओटा माणसांनी भरला होता, कोणी घोंगडी पांघरून हिवतापानं हुडहुडत होतं, भर वैशाखात. डॉक्टरांनी मला दारात बघितलं आणि हात पुढं केला. मी वही दिली. ते उभ्यानंच पान उलटत गेले. शेवटच्या पानावर थांबले.

"दोनच?"

"दोन्ही बाहेरचं पाणी प्यालेले."

ते हसले, मोठ्यानं, आणि ओट्यावरचे आजारी लोक त्यांच्याकडं बघायला लागले. मग मी पोहऱ्याचं आणि दोराचंही सांगितलं. त्यांचं हसू गेलं. "तिथं माझ्या भिंगाचा उपयोग नाही, बाई," ते म्हणाले. "ओढत राहा तुम्ही."

दुपारी मळ्यावर गेले. वडील पाटाच्या कडेला बसून भाजी धूत होते. मी त्यांना वही वाचून दाखवली, पहिल्या पानापासून. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी हात पुसून वही घेतली आणि माझं नाव कुठं लिहिलंय ते विचारलं. मी नारूच्या रकान्यातलं नाव दाखवलं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आन् हे सगळं तू चालत चालत केलंस?"

"निम्मं लंगडत," मी म्हटलं.

ते हसले आणि मला वांगी दिली, आत्यासाठी.